यंत्रमानवाला गुप्तहेराचा जोडीदार करणारे आयझॅक असिमॉव्ह



मराठी घरांत रहस्यकथेचे वेड नवीन नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि आपल्या आजोबांच्या पिढीने त्या पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही मुलांचा लाडका आहे. पण गुन्ह्याचा तपास करणाऱ्या दोघांपैकी एक जण चक्क यंत्रमानव असला तर? ही कल्पना ज्यांनी जगभरच्या वाचकांपर्यंत पोचवली, त्या आयझॅक असिमॉव्ह यांची ओळख या अंकात करून देत आहोत.

त्यांचीच निवड का केली, तेही सांगतो. सिल्वासा हे कारखान्यांचे गाव आहे. डोकमर्डीच्या परिसरातल्या कितीतरी घरांतून रोज कोणी ना कोणी पाळीवर जाते. नवे यंत्र आले की माणसे कमी होणार का, ही काळजी आपल्याकडे जेवणाच्या ताटावरही बोलली जाते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांनी ती वाढली आहे. आपल्या मुलांना पुढे काम उरेल का, असे पालक आम्हाला विचारतात. असिमॉव्ह यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन १९५३ साली एक खुनाची गोष्ट लिहिली. म्हणून हा लेख जितका मुलांसाठी, तितकाच पालकांसाठीही आहे.

दुकानदाराचा मुलगा

आयझॅकचा जन्म रशियातील पेत्रोविची या लहान गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्या गडबडीच्या काळात जन्माची पक्की नोंद राहिली नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी २ जानेवारी १९२० हाच आपला वाढदिवस मानला. आयझॅक तीन वर्षांचा असताना, १९२३ साली, आईवडील त्याला आणि धाकट्या बहिणीला घेऊन अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहू लागले.

परक्या मुलखात बस्तान बसवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. घरात यिडिश भाषा, बाहेर इंग्रजी. मुलगा शाळेत जाण्याआधीच रस्त्यावरच्या पाट्या पाहून, मोठ्या मुलांना अक्षरे विचारून स्वतःच वाचायला शिकला. वडिलांनी १९२६ साली गोळ्या-चॉकलेट, सिगारेटी, वर्तमानपत्रे आणि मासिके विकणारे छोटे दुकान घेतले. ते सकाळी सहाला उघडायचे आणि मध्यरात्रीनंतर बंद व्हायचे. आठवड्याचे सातही दिवस. शाळा सुटली की आयझॅक गल्ल्यावर बसायचा, घरोघर पेपर टाकायचा. लवकर उठण्याची आणि न थकता काम करण्याची सवय त्याला याच दुकानात लागली. मोठेपणी पैसा आणि नाव मिळाल्यावरही ती गेली नाही.

दुकानात रंगीत मुखपृष्ठांची स्वस्त मासिके यायची. त्यांत हाणामाऱ्या, खून, दरोडे असायचे. वडिलांना ती मासिके वाह्यात वाटायची. आयझॅकला त्यांना हात लावायची बंदी होती. मग १९२९ साली विज्ञानकथांचे एक नवे मासिक दुकानात आले. त्याच्या नावात विज्ञान हा शब्द होता. नऊ वर्षांच्या मुलाने तो शब्द वडिलांना दाखवला आणि हे अभ्यासाचेच वाचन आहे असे पटवले. वडिलांनी मान डोलावली. पालकहो, त्या दिवशी त्यांनी नाही म्हटले असते, तर पुढची कित्येक पुस्तके कदाचित लिहिली गेली नसती.

विकायची मासिके मात्र नवी कोरी दिसली पाहिजेत, म्हणून आयझॅक ती अलगद, घडी न मोडता वाचायचा आणि परत जागेवर ठेवायचा. बाकीची भूक सार्वजनिक वाचनालयाने भागवली.

नकारांची वर्षे

पुढे आयझॅक कोलंबिया विद्यापीठात शिकू लागला. आईवडिलांना मुलगा डॉक्टर व्हावा असे वाटत होते. त्याने वैद्यकीय महाविद्यालयांत अर्ज केले, पण कुठेच प्रवेश मिळाला नाही. मग त्याने रसायनशास्त्र धरले. १९३९ साली पदवी, १९४१ साली पदव्युत्तर पदवी आणि मध्ये महायुद्धामुळे खंड पडून १९४८ साली डॉक्टरेट, असा तो प्रवास झाला.

लेखनातही सुरुवात नकारानेच झाली. १९३८ च्या जून महिन्यात अठरा वर्षांचा आयझॅक आपली पहिली विज्ञानकथा घेऊन जॉन कॅम्पबेल या नामांकित संपादकाच्या कार्यालयात स्वतः गेला. कॅम्पबेल यांनी त्याच्याशी आपुलकीने गप्पा मारल्या, कथा ठेवून घेतली आणि दोनच दिवसांत साभार परत पाठवली. आयझॅक खचला नाही. तो दुसरी कथा घेऊन गेला, मग तिसरी. अखेर दुसऱ्या एका मासिकाने त्याची कथा ६४ डॉलरना घेतली आणि ती मार्च १९३९ च्या अंकात छापून आली.

नियम आधी सांगितले

रोबो हा शब्द असिमॉव्ह यांचा नाही. तो चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून आला. चेक भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ सक्तीची मजुरी, म्हणजे आपल्या भाषेत वेठ. ज्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली आपल्या शेजारच्या उंबरगाव-डहाणू भागात वारली बांधव उठले, तोच अर्थ या शब्दाच्या पोटात आहे. चापेक यांच्या नाटकात राबवून घेतलेले यंत्रमानव शेवटी माणसांवर उलटतात. त्यानंतर बऱ्याच लेखकांनी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली.

असिमॉव्ह यांना हे पटत नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते. माणूस सुरी करतो तेव्हा तिला मूठ बसवतो. कुकर करतो तेव्हा त्याला वाफ सोडणारी झडप ठेवतो. मग एवढा मोठा यंत्रमानव बनवणारे इंजिनिअर त्याच्यात सुरक्षेची सोय करणार नाहीत का?

२३ डिसेंबर १९४० रोजी कॅम्पबेल यांच्याशी झालेल्या चर्चेतून त्या सोयीला नेमके रूप आले. मार्च १९४२ मध्ये छापलेल्या एका कथेत असिमॉव्ह यांनी यंत्रमानवाचे तीन नियम प्रथमच स्पष्ट मांडले. आमच्या शब्दांत ते असे : यंत्रमानव माणसाला इजा करणार नाही आणि हातावर हात ठेवून ती होऊही देणार नाही. पहिला नियम मोडत नसेल तर तो माणसाची आज्ञा पाळील. आणि पहिले दोन्ही नियम सांभाळून तो स्वतःचे रक्षण करील. हे नियम तुमचेच, असे असिमॉव्ह कॅम्पबेलना म्हणत. नाही, ते तुमच्याच कथांत होते, असे कॅम्पबेल म्हणत.

यंत्रमानवांच्या शास्त्राला रोबोटिक्स हे नावही असिमॉव्ह यांच्याच १९४१ च्या एका कथेत प्रथम छापले गेले. हा शब्द आधीपासून असणारच, असे समजून त्यांनी तो वापरला होता. आज अभियांत्रिकी महाविद्यालयांत या नावाचे अभ्यासक्रम चालतात. यंत्रमानवांच्या या कथांचा पहिला संग्रह, 'आय, रोबो', १९५० साली निघाला.

पोलादाच्या गुहा

आता गुप्तहेराकडे येऊ. विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदूच शकत नाहीत, असे कॅम्पबेल यांचे मत होते. त्यामागे कारण होते. रहस्यकथेत सगळे धागे वाचकाच्या हाती द्यावे लागतात, म्हणजे गुप्तहेराबरोबर तोही डोके चालवतो. भविष्यकाळातला गुप्तहेर मात्र ऐन वेळी खिशातून एखादे अजब यंत्र काढील, त्यावर खुनी दिसेल आणि वाचक फसवला जाईल. क्रिकेट चालू असताना मध्येच कोणी नवा नियम काढला तर मैदानावर काय होते, ते मुलांना ठाऊक आहे!

असिमॉव्ह यांनी हे आव्हान घेतले. त्याला निमित्त झाले होरेस गोल्ड हे दुसरे एक संपादक. यंत्रमानवावर कादंबरी लिहा, असे त्यांनी सुचवले. माणसांनी खच्चून भरलेले जग आणि तिथे माणसांची कामे हिसकावणारे यंत्रमानव, असा विषय त्यांनी दिला. असिमॉव्ह यांना तो फार उदास वाटला. तेव्हा गोल्ड म्हणाले की मग त्यातच खुनाचा तपास घाला. गुप्तहेराला यंत्रमानवाचा जोडीदार द्या, आणि गुप्तहेर हरला तर त्याची नोकरी त्या यंत्राला मिळेल असे करा.

यातून 'द केव्ह्ज ऑफ स्टील', म्हणजे पोलादाच्या गुहा, ही कादंबरी तयार झाली. १९५३ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या अंकांत ती क्रमशः आली आणि १९५४ साली पुस्तकरूपाने निघाली. त्याच वर्षी २ ऑगस्टला आपले सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले, म्हणजे हे साल आपल्या मुलांच्या सहज लक्षात राहील.

गोष्ट भविष्यातल्या न्यूयॉर्कची आहे. पृथ्वीवर आठ अब्ज माणसे आहेत. सगळी शहरे छताखाली झाकलेली आहेत. आकाश दिसत नाही, वारा लागत नाही, खायला यीस्टपासून केलेले अन्न. खरी जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ अब्ज झाली, हे वाचताना आठवते. शहराबाहेर परग्रहांवर वसलेल्या श्रीमंत माणसांची वसाहत आहे आणि तिथल्या एका यंत्रमानव-शास्त्रज्ञाचा खून होतो.

तपास येतो एलायजा बेली या साध्या वेशातल्या पोलिसाकडे. तो काही शूरवीर नाही. तो थकलेला, बायको-मुलाची चिंता करणारा नोकरदार आहे. त्याच्या लहानपणी एका अपघातानंतर वडिलांची नोकरी आणि पत दोन्ही गेली होती. त्यामुळे हुद्दा गेला की घराचे काय होते, हे त्याने पाहिलेले आहे. त्याच्या कचेरीतल्या निरोप्या पोराला काढून त्या जागी नुकताच एक यंत्रमानव बसवला आहे. आणि अशा माणसाला जोडीदार मिळतो आर. डॅनिल ऑलिव्हॉ. नावातला आर म्हणजे रोबो. दिसायला तो हुबेहूब माणूस, तोही खून झालेल्या शास्त्रज्ञाच्याच चेहऱ्याचा.

चपलांच्या एका दुकानात यंत्रमानव विक्रेत्याकडून वस्तू घ्यायला बायका नकार देतात आणि जमाव खवळतो, तो प्रसंग पालकांनी मुद्दाम वाचावा. कोणी खलनायक तिथे नाही. पोटावर पाय येईल या भीतीने साधी माणसे दंग्यापर्यंत येतात. डॅनिल शस्त्र रोखून उभा राहतो आणि गर्दी पांगते. त्याला माणसावर शस्त्र चालवता येणारच नसते, पण गर्दीला तो यंत्र आहे हे कुठे माहीत असते?

तपासात बेली दोनदा चुकतो. दोन्ही वेळा तो डॅनिललाच अडकवायला जातो, कारण मनात त्याच्याविषयी राग आणि भीती आहे. दोन्ही वेळा तो चारचौघांत तोंडघशी पडतो. राग बाजूला ठेवून तो तेच धागे पुन्हा पाहतो, तेव्हा उत्तर सापडते. खुनी कोण ते आम्ही सांगणार नाही. एवढेच सांगतो की ते उत्तर कुठल्या अजब यंत्रातून येत नाही. तीन नियम वाचकाला आधीच ठाऊक असतात, सगळे धागे समोर असतात, आणि तरीही शेवट चकित करतो. असिमॉव्ह यांचे हेच यश. त्यांनी नियम आधी सांगितले आणि मग खेळ मांडला. कॅम्पबेल यांच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर नव्हते.

शेवटी यंत्राने माणसाची नोकरी घेतली का? नाही. डॅनिलची नजर आणि स्मरणशक्ती बेलीपेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. पण माणूस खोटे का बोलतो, लाज वाटून काय लपवतो, हे बेलीलाच कळते. दोघांचे मिळून काम होते, आणि बेली हळूहळू त्या यंत्राला मित्र मानू लागतो.

उघडा सूर्य

या जोडीची दुसरी कादंबरी, 'द नेकेड सन', १९५७ साली पुस्तकरूपात आली. तिच्यातला ग्रह पहिल्याच्या उलट टोकाचा आहे. तिथे माणसे फक्त वीस हजार आणि यंत्रमानव वीस कोटी. सगळी कामे यंत्रेच करतात म्हणून माणसे इतकी एकलकोंडी झाली आहेत की समोरासमोर भेटण्याचीच त्यांना किळस येते. ती दूर बसून पडद्यावर एकमेकांना पाहतात. घराघरात मोबाइल आल्यावर हे वर्णन वाचताना आम्हाला थोडे दचकायला होते. छताखाली वाढलेला बेली तिथे मोकळ्या आकाशाखाली अक्षरशः घाबरतो, पण धीर करून उभा राहतो.

बेलीची ही भीती असिमॉव्ह यांना जवळून माहीत होती. स्वतः त्यांना बंद, लहान खोल्या आवडत. विमानाची तर त्यांनी धास्तीच घेतली होती. आकाशगंगेच्या पार प्रवास लिहिणारा हा लेखक आयुष्यात फक्त दोनदा विमानात बसला! जोडीची तिसरी कादंबरी, 'द रोबोज ऑफ डॉन', १९८३ साली आली.

पाचशे पुस्तके

१९४९ पासून असिमॉव्ह बोस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत होते. ज्या वैद्यकीय शिक्षणाची दारे त्यांच्यासाठी उघडली नव्हती, तिथे ते शिक्षक म्हणून गेले. १९५८ साली त्यांनी शिकवणे सोडून पूर्णवेळ लेखन पत्करले. १९५७ साली रशियाचा स्पुतनिक उपग्रह अवकाशात गेला होता आणि सामान्य माणसाला विज्ञान समजावून सांगण्याची गरज सगळ्यांना जाणवत होती. असिमॉव्ह यांनी ग्रह-तारे, अणू, रक्त, इतिहास अशा नाना विषयांवर सोप्या भाषेत लिहिले. एका मासिकासाठी त्यांनी १९५८ पासून सलग ३९९ विज्ञानलेख दिले. लिहिलेली आणि संपादित केलेली त्यांची पुस्तके सुमारे पाचशे भरतात.

एवढ्या मोठ्या माणसाचे दोषही झाकू नयेत. संमेलनांत आणि कार्यालयांत स्त्रियांशी त्यांचे वागणे पुष्कळदा मर्यादा सोडणारे असे. त्या काळी ते हसण्यावारी नेले गेले. आज त्याला चुकीचेच म्हटले जाते, आणि ते योग्य आहे. यंत्रासाठी नियम लिहिणाऱ्यालाही स्वतःसाठी नियम पाळणे जमले नाही, हे मुलांनी जाणून घ्यावे.

शेवटचे गुपित

१९८३ च्या डिसेंबरात असिमॉव्ह यांच्यावर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी दिलेल्या रक्तातून त्यांना एचआयव्हीची लागण झाली. दान केलेल्या रक्तात हा विषाणू शोधणारी चाचणी तेव्हा नव्हती, ती १९८५ साली आली. आजार कळल्यावर तो उघड सांगावा असे त्यांच्या मनात होते. पण या रोगाविषयी समाजात इतका पूर्वग्रह होता की डॉक्टरांनी तसे न करण्याचा सल्ला दिला. ६ एप्रिल १९९२ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी जॅनेट यांनी २००२ साली खरे कारण जगाला सांगितले. सगळे धागे वाचकाच्या हाती देणाऱ्या लेखकाला स्वतःचा आजार दडवावा लागला, याचे वाईट वाटते. दोष त्यांचा नव्हता, लोकांच्या भीतीचा होता.

आपल्यासाठी

मराठीतही विज्ञानकथेची वाट जुनी आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी नाव बदलून कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. आपल्या मुलांना ही वाट खुली आहे.

यंत्रे येणारच आहेत. ती कोणत्या नियमांनी चालतील, ते नियम कोण ठरवणार आणि ते सर्वांना आधी सांगितले जातील का, हे विचारणारी माणसे मात्र हवीत. असे प्रश्न विचारायला शिकवणे हे शाळेचे काम आहे आणि त्याची सुरुवात वाचनाने होते. म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती, की ग्रंथालयात विज्ञानकथा आणि रहस्यकथांना एक कप्पा द्यावा. पालकांना विनंती, की मूल असे पुस्तक घेऊन बसले तर ते अभ्यासाचे नाही म्हणून काढून घेऊ नये.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. आपल्या शाळेत एक यंत्रमानव आला असे समजा. त्याने पाळायचे तीन नियम वहीत लिहा. मग ते नियम पाळूनही त्याच्या हातून काय गोंधळ होईल, याची गोष्ट लिहा. असिमॉव्ह यांनी आयुष्यभर हेच केले. चांगल्या गोष्टींना पुढील अंकात जागा देण्यास आम्हाला आनंद वाटेल.